ईव्ह ऑनलाइन: कॉर्पचा बायबॅक कसा चालवावा, म्हणजे कुणाला लुबाडल्यासारखं वाटणार नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात, नलसेकमध्ये (खेळातल्या पोलिसांचं संरक्षण नसलेल्या भागात) तुमची चाळीसेक जणांची कॉर्प, म्हणजे खेळाडूंची कंपनी आहे, एक डायरेक्टर बायबॅक चालवतो, म्हणजे सगळ्यांचा माल कॉर्पसाठी ‘जिटाच्या (खेळातल्या सर्वात मोठ्या बाजाराच्या) ९० टक्के’ भावाने घेतो आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी कमी पैसे मिळाल्याची तक्रार करतं. टक्केवारी ९५ केली तर तक्रारी थांबतील का, असं तुम्ही विचारलंय.

थांबणार नाहीत. ‘जिटाचे ९० टक्के’ म्हणजे कुठल्या आकड्याचे ९० टक्के, हे तुमच्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते कसोटी एकच ठेवा: माल पाठवण्याआधी सदस्याला कुणालाही न विचारता स्वतःची रक्कम शेवटच्या आयएसकेपर्यंत (हे खेळातलं चलन) काढता आली पाहिजे. ती निघत नसेल तर दर कितीही उदार असो, संशय राहणारच.

आधी भाव ठरवा. जिटा चारच्या चौथ्या चंद्रावरच्या स्टेशनात एकाच वस्तूचे निदान तीन भाव असतात: सर्वात वरची बाय ऑर्डर (खरेदीची मागणी), सर्वात खालची सेल ऑर्डर (विक्रीला ठेवलेला माल) आणि दोन्हींच्या मधला. त्यात खेळाच्या खिडकीत दिसणारी ‘अंदाजे किंमत’ हा चौथा आकडा. तो सगळ्या विश्वातल्या व्यवहारांची सरासरी असतो, जिटाचा आजचा भाव नसतो. क्वचित विकल्या जाणाऱ्या वस्तूचे दोन-चार बनावट सौदे करून तो फुगवता येतो. बायबॅकसाठी तो कधीच धरू नका.

बायबॅकला जिटाचा बाय भाव योग्य, कारण कॉर्पला माल लगेच विकायचा झाला तर तेवढेच मिळणार. पण सर्वात वरची बाय ऑर्डर घेतली तर फसाल. समजा एका मॉड्यूलला (जहाजावर बसवायच्या उपकरणाला) वरची ऑर्डर ४० लाखांची आहे, पण फक्त १ नगाची. तिच्याखाली सगळ्या ऑर्डरी १२ लाखांच्या. सदस्याने ५० नग पाठवले. वरच्या भावाने त्यांची किंमत २० कोटी होते आणि ९० टक्क्यांनी तुम्ही १८ कोटी देता. प्रत्यक्ष विकायला गेलात तर ४० लाख अधिक ४९ गुणिले १२ लाख, म्हणजे ६ कोटी २८ लाख येतात. उरलेला खड्डा कॉर्पच्या पाकिटातून, म्हणजे बाकीच्या सदस्यांच्या पैशांतून भरला जातो. ती १ नगाची ऑर्डर माल पाठवणाऱ्यानेच लावलेली असू शकते, आणि ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं.

उपाय सोपा आहे. सगळ्या बाय ऑर्डरींमधल्या एकूण नगांपैकी सर्वात वरच्या भावाच्या ५ टक्के नगांची सरासरी घ्या. वरच्या उदाहरणात बाजारात एकूण १,००० नगांची मागणी असेल तर वरचे ५० नग धरायचे. सरासरी १२ लाख ५६ हजार येते आणि खोटी ऑर्डर त्यात विरघळून जाते. फझवर्कसारखी बाजारभाव दाखवणारी साधनं हा ५ टक्क्यांचा आकडा तयार देतात. रोजच्या मूल्यांकनासाठी खेळाडू जॅनिस ही वेबसाइट वापरतात. तिथे प्रत्येक मूल्यांकनाची कायमची लिंक तयार होते. तुमच्या नियमात कुठलं साधन, कुठली पद्धत आणि किती जुनी लिंक चालेल हे तिन्ही लिहा. मी २४ तासांची मुदत ठेवायला सांगेन. भाव चढला की नवी लिंक आणि उतरला की जुनी, असा खेळ त्यामुळे दोन्ही बाजूंना करता येत नाही. वेळ नेहमी ईव्हच्या घड्याळाने लिहा. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद होण्याची वेळ) ११:०० ला म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला होतो, त्यामुळे भारतातल्या सदस्याचा ‘आज’ आणि अमेरिकेतल्या सदस्याचा ‘आज’ यांवरून वाद व्हायला वेळ लागत नाही.

किमान नगांची अट असलेल्या ऑर्डरींकडे वेगळं पाहा. २०२० पर्यंत मार्जिन ट्रेडिंग कौशल्यामुळे पूर्ण पैसे न गुंतवता मोठी बाय ऑर्डर लावता यायची आणि ऐन विक्रीच्या वेळी ती कोसळायची. तो मार्ग आता बंद आहे. पण ‘निदान ५०० नग एकदम हवेत’ अशी ऑर्डर आजही यादीत वर बसू शकते आणि तुमचे ३० नग तिला विकताच येत नाहीत.

आता टक्केवारी. सरसकट टक्केवारी दिसायला समान असली तरी अन्याय तिथेच होतो, कारण तिच्यात वाहतूक दिसत नाही. समजा तुमच्या स्टेशनापासून जिटापर्यंत फ्रेटचा (मालवाहतुकीचा) दर घनमीटरला ८०० आयएसके आहे. १० कोटींचं धातुक २०,००० घनमीटर जागा घेत असेल तर त्याचं भाडं १ कोटी ६० लाख. तेवढ्याच किमतीची मॉड्यूलं ५० घनमीटरमध्ये मावत असतील तर भाडं ४० हजार. दोघांना सारखे ९० टक्के दिलेत तर धातुकावर कॉर्पला तोटा होतो आणि मॉड्यूलवाला दुसऱ्याचं भाडं भरतो. तुमच्याकडे कुरकुरणारे बहुधा साइट्स (संगणकाच्या शत्रूंची ठिकाणं) आणि लूट करणारे असतील, खाणकामवाले नसतील. त्यांची तक्रार खरी आहे.

म्हणून सूत्र दोन तुकड्यांचं ठेवा: बाय भाव, वजा ६ टक्के, वजा घनमीटर गुणिले ८००. धातुकवाल्याला ९ कोटी ४० लाखांतून १ कोटी ६० लाख जाऊन ७ कोटी ८० लाख मिळतील. मॉड्यूलवाल्याला ९ कोटी ३९ लाख ६० हजार. हे ६ टक्के कशाचे, तेही फोडून सांगा: विक्रीकर किती, वाटेत जहाज फुटण्याची जोखीम किती, कॉर्पचा वाटा किती. बाय ऑर्डरला थेट विकताना फक्त विक्रीकर लागतो. स्वतःची सेल ऑर्डर लावली तर ब्रोकरचं शुल्कही लागतं. दोन्हींचे दर विकणाऱ्याच्या कौशल्यांवर अवलंबून असतात आणि खेळ बनवणारी कंपनी सीसीपी मूळ दर अधूनमधून बदलते, तेव्हा जो पायलट प्रत्यक्ष जिटात विकतो त्याच्या खिडकीतला आकडा घ्या.

कॉर्पचा वाटा घेण्यात काही गैर नाही. बाउंटी (संगणकाचे शत्रू मारल्याचं बक्षीस) आणि मिशनवर खेळ आपोआप कॉर्पचा कर कापतो, पण लघुग्रहांमधून काढलेल्या धातुकावर असा कर नसतो, त्यामुळे बऱ्याच कॉर्प तो बायबॅकमधून वसूल करतात. तो कर आहे असं नाव देऊन लिहा. ‘खर्च’ या शब्दाखाली लपवलेला २ टक्क्यांचा वाटा उघड झाला, की उघडपणे घेतलेल्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त माणसं कॉर्प सोडतात.

धातुकात आणखी दोन गोष्टी. न दाबलेलं वेल्डस्पार (एक साधं धातुक) नगाला ०.१ घनमीटर जागा घेतं आणि दाबलेलं ०.००१, म्हणजे शंभरपट फरक. सदस्याला दाबण्याची सोय, म्हणजे रिफायनरी किंवा ताफ्यातली पॉर्पॉइझ वा ऑर्का ही जहाजं, उपलब्ध असेल तर ‘फक्त दाबलेलं धातुक घेऊ’ असा नियम करा. वरचा भाड्याचा सगळा प्रश्न त्याने जवळजवळ संपतो. दुसरी गोष्ट, धातुकाचा भाव त्यातल्या खनिजांवरून लावणार असाल तर यिल्ड, म्हणजे शुद्ध करताना किती टक्के खनिज हाती येतं ते, लिहा. १०० वेल्डस्पारमधून पूर्ण यिल्डला ४०० ट्रायटेनियम हे खनिज निघतं. ८० टक्के धरलंत तर ३२०. प्रत्यक्ष यिल्ड स्ट्रक्चर (खेळाडूंनी बांधलेला तळ), रिग (कायमचे बसवलेले सुधारक भाग) आणि पायलटची कौशल्यं यांवर बदलतं, म्हणून एक ठरावीक आकडा जाहीर करा आणि सगळ्यांना तोच लावा.

कॉन्ट्रॅक्ट (खेळातला देवाणघेवाणीचा करार) कसा लावायचा यात एक बाब मी सगळ्यात महत्त्वाची मानतो: तो कॉर्पच्या नावावर असला पाहिजे, डायरेक्टरच्या पात्राच्या नावावर नाही. वैयक्तिक पात्राने घेतलेल्या मालाची नोंद त्याच्या खासगी पाकिटात जाते आणि तिथून पुढे हिशोब पाहायचा म्हणजे त्याच्या शब्दावर विसंबणं. सदस्याने ‘आयटम एक्स्चेंज’ निवडावं, खासगी ठेवून कॉर्पचं नाव द्यावं, ‘मला मिळतील’ या रकान्यात सूत्राने आलेली रक्कम टाकावी आणि वर्णनात मूल्यांकनाची लिंक चिकटवावी. बाजार समितीत शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबपट्टीवर जसं वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळं लिहिलेलं असतं, तशी फोड प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमागे असू द्या: बाय भाव, कपात, घनमीटर, भाडं, देय. एका स्प्रेडशीटमध्ये हे आपोआप होतं.

स्वीकारणाऱ्याकडे कॉन्ट्रॅक्ट मॅनेजरची भूमिका हवी. स्वीकारताना ‘कॉर्पच्या वतीने’ निवडलंय ना आणि बायबॅकचंच पाकीट सक्रिय आहे ना, हे तपासावं. काय मिळणार आणि काय द्यायचं हे सांगणाऱ्या हिरव्या आणि लाल ओळी वाचाव्यात. नाहीतर तुम्हाला माल मिळण्याऐवजी तुमच्याकडूनच माल मागणारा कॉन्ट्रॅक्ट घाईत स्वीकारला जातो. नेहमी चुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ब्लूप्रिंटची (वस्तू बनवण्याच्या आराखड्याची) कॉपी आणि मूळ ब्लूप्रिंट यांचं नाव एकच असतं, त्यामुळे मूल्यांकन करणारं साधन कॉपीला मूळची किंमत लावतं आणि रक्कम कित्येक पटींनी फुगते. रिग लावलेलं जहाज पुन्हा पॅक केलं की रिग नष्ट होतात, म्हणून रिगची किंमत धरू नये. म्यूटेट केलेली (गुणधर्म बदललेली) मॉड्यूलं बाजारात विकताच येत नाहीत, ती फक्त कॉन्ट्रॅक्टने जातात. या तिन्ही प्रकारांची ‘घेत नाही’ अशी यादी नियमाच्या पहिल्याच ओळीत ठेवा.

लावलेला कॉन्ट्रॅक्ट बदलता येत नाही. रक्कम चुकली तर तो नाकारून नवा लावायला सांगावं लागतं. नाकारताना कारण लिहा, एका ओळीचं का होईना. कारण न देता नाकारलेला कॉन्ट्रॅक्ट म्हणजे भांडणाची सुरुवात.

पैशांकडे वळतो. कॉर्पला ७ पाकिटं असतात. एकाला ‘बायबॅक’ नाव द्या आणि दुसरा कुठलाही खर्च त्यातून करू नका. ज्युनिअर अकाउंटंटची भूमिका दिली की सदस्याला शिल्लक आणि नोंदी दिसतात, पैसे काढता येत नाहीत. अडचण अशी, की त्याला बाकीची पाकिटंही दिसतात, आणि नलसेकमध्ये स्ट्रक्चरवरचा खर्च शत्रूच्या हेराने वाचणं परवडत नाही. म्हणून दोन-तीन जुन्या सदस्यांनाच ती भूमिका द्या; त्यातला निदान एक खाणकाम करणारा हवा आणि एकही डायरेक्टर नको. बाकीच्यांसाठी त्या एका पाकिटाच्या नोंदी दर महिन्याला जाहीर करा. ताळा असा लावायचा: सुरुवातीचं भांडवल अधिक जाहीर नफा बरोबर पाकिटातली रोकड अधिक हँगरमधला (कोठारातला) आणि वाटेवरचा माल, खरेदीच्या किमतीने. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर फरकाचा आकडाही जाहीर करा.

आणि भांडवल कमी ठेवा. डायरेक्टरला सगळं काढता येतं, खेळात त्याला कुलूप नाही. २००९ मध्ये ईबँक या खेळाडूंनी चालवलेल्या बँकेच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज आयएसके काढून खऱ्या पैशांना विकले. त्याच्यावर बंदी आली ती खऱ्या पैशांच्या विक्रीमुळे. ठेवी पळवणं सीसीपीच्या नियमांत गुन्हा नव्हताच. आजही कुणी भरपाई देणार नाही. आठवड्याच्या खरेदीला पुरेल एवढीच रोकड त्या पाकिटात असू द्या.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण असंतोषाचं खरं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बायबॅकमध्ये आलेला माल जिटाला जाण्याआधी आतल्या आत कोण उचलतं? डायरेक्टरचा मित्र कॅपिटल (महाकाय) जहाजं बांधतो आणि त्याला खनिजं खरेदीच्याच भावाने मिळतात, असं असेल तर खाणकामवाले त्याचा कारखाना पोसत आहेत. अंतर्गत विक्री बंद करायची गरज नाही, ती कॉर्पच्या फायद्याची आहे, कारण भाडं वाचतं. पण तिचा भाव जाहीर हवा. जिटाचा बाय भाव, एक टक्काही कमी नाही, हा मला योग्य वाटतो. मागणी सगळ्यांना दिसेल अशा यादीत नोंदवावी आणि बायबॅक चालवणाऱ्याने स्वतःचा माल विकताना किंवा घेताना कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याकडून मंजूर करून घ्यावा.

जिटाला माल बाहेरच्या फ्रेट सेवेने पाठवत असाल तर कुरियर कॉन्ट्रॅक्टमध्ये कोलॅटरल (तारण) मालाच्या पूर्ण किमतीचं ठेवा. माल पोहोचला नाही तर ते तुम्हाला मिळतं. स्वतःच्याच पात्राने कोलॅटरलशिवाय नेत असाल तर नुकसान बायबॅकच्या पाकिटाचं आहे, ते पुढच्या आठवड्याच्या दरात गुपचूप मिसळू नका.

दर बदलायचा झाला तर ७ दिवस आधी सांगा आणि आधीच लागलेले कॉन्ट्रॅक्ट जुन्या दरानेच घ्या. रोकड संपली तर ‘तात्पुरतं बंद’ असं लगेच जाहीर करा आणि लागलेले कॉन्ट्रॅक्ट तारखेच्या क्रमाने, जुना आधी, असेच उचला. लागलेल्या कॉन्ट्रॅक्टमधला माल सदस्याला वापरता येत नाही, तेव्हा ४८ तासांत जो घेता येणार नाही तो नाकारून माल मोकळा करा.