गाडी नाही? पचमढीला बस जाते की!

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की मध्य प्रदेशातली पचमढी स्वतःच्या गाडीशिवाय मस्त होते. त्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यातच जाणार. एकाने तर जर्मनीतल्या ड्रेस्डेनबद्दल विचारलंय, पण तिथला दगड पचमढीसारखाच वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन आहे म्हणून तोही घेतलाय.

आम्ही कळव्याचे चौघं मित्र, गाडी एकाकडेही नाही, आजपर्यंतचे सगळे ट्रेक लोकल आणि एसटीच्या जिवावर केलेत. डिसेंबरमध्ये पचमढी ठरतंय, पण जो तो म्हणतो भाड्याची जिप्सी जीप केल्याशिवाय तिथे काहीच बघता येत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. आधी पोचायचं बघू. तुम्हाला उतरायचंय पिपरियाला, इटारसी-जबलपूर लाइनवरचं स्टेशन. महानगरी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते त्यामुळे कळव्याहून तुम्हाला एकच स्टेशन, नवी मुंबईकरांनाही ट्रान्स हार्बरने ठाण्याला आलं की झालं. फक्त एक लक्षात ठेवा, ही गाडी सीएसएमटीहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. हे मी इतक्या ठासून सांगतोय कारण आमच्या ग्रुपचं बुकिंग एकदा मीच केलं होतं, आणि आम्ही सहाजण सॅका घेऊन ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा आमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली होती. अजून ऐकवतात.

पिपरियाला दुपारी उतरता. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर, बस दोन तास घेते, शेअर जीप थोडी लवकर नेते. मध्य प्रदेशचं एसटी महामंडळ वीसेक वर्षांपूर्वीच गुंडाळलं गेलंय, त्यामुळे या सगळ्या खाजगी बस. बोर्डावरचा टाइम एक आणि बस भरण्याचा टाइम वेगळा. क्लीनर 'बस अभी निकलेगी' म्हणतो तेव्हा एक चहा आरामात होतो, कधीकधी दोन. जाताना याचं काही वाटत नाही, पण परतीला पिपरियाहून गाडी पकडायची असेल तर पचमढीतून निदान चार तास आधी निघा. आणि उजेड आहे तोवरच बसचा भरवसा धरायचा.

आता जिप्सीचं. बी फॉल, धूपगड, रजत प्रपात हे जे फेमस पॉइंट आहेत ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात, तिथे वनखात्याची परमिट आणि ठरलेली गाडी लागते, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. त्या सगळ्यांसाठी एक दिवस जीप करा, चौघांत वाटून घ्या आणि मोकळे व्हा. परमिट बायसन लॉजवर मिळतं. ही पचमढीतली सगळ्यात जुन्या बंगल्यांपैकी एक वास्तू, १८६२ ची, जेम्स फॉर्सिथ नावाच्या इंग्रज कॅप्टनने बांधलेली. हा माणूस १८५७ मध्ये इथे पोचला असं सांगतात, आणि इंग्रजांनी पचमढी 'शोधली' म्हणून जाहीर केलं. गोंड आणि कोरकू लोक तिथे आधीपासून राहत होतेच, पण ते असो.

बाकीचे दोन दिवस पायांचे. बस गावातच सोडते, गाव पठारावर आहे, त्यामुळे चालणं सोपं. पहिल्या दिवशी संध्याकाळी जटाशंकर करा, बाजारातून दीडेक किलोमीटर असेल. रस्ता संपला की पायऱ्या एका घळीत उतरतात, दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ जवळ येत जातात आणि मे महिन्यातसुद्धा खाली गेल्यावर अंगावर गारवा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भाड्याची सायकल घेऊन पांडव लेणी उरकता येतात. पाच मढ्या, म्हणून पचमढी. आपण वेरूळ बघून आलेली माणसं, त्यामुळे लेणी म्हणून फार अपेक्षा ठेवू नका.

खरा ट्रेक चौरागड. गावातून बडा महादेव मंदिरापर्यंत दहाएक किलोमीटर शेअर जीपने जा, तिथून पुढे एका बाजूने साडेतीन-चार किलोमीटर चढ आणि तेराशेच्या आसपास पायऱ्या. नवस फेडायला लोक त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात, हातभर लांबीच्या त्रिशुळापासून ते चार-पाच जणांनी मिळून उचललेल्या अजस्र त्रिशुळापर्यंत, आणि वर देवळाशी त्यांचा अक्षरशः ढीग आहे, गंजलेले जुने खाली आणि शेंदूर ताजा असलेले वर. सकाळी सातला चढायला लागा. माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवाल तर ती तुमची राहणार नाही. उतरून आल्यावर गुप्त महादेवाच्या फटीत नक्की शिरा, माणूस आडवा होऊन सरकत आत जातो, एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. आमच्यातला एक जरा भारदस्त मित्र मध्येच अडकून 'मागे घ्या, मागे घ्या' करत होता आणि मागून भाविक 'हर हर महादेव' म्हणत पुढे ढकलत होते.

मी घणसोलीची, सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलेय. तुम्ही लिहिलंत की तिथला दगड वेगळा आहे. चालणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? आणि बूट कुठले घालू?

हा प्रश्न फार आवडला, कारण हे कोणी विचारतच नाही.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट, थरावर थर, म्हणून आपल्याकडे कडा, मग सपाटी, मग परत कडा असं दिसतं. पचमढीचा दगड वालुकाश्म, म्हणजे नद्यांनी आणून टाकलेली वाळू दबून घट्ट झालेली, आणि वय वीस कोटी वर्षांच्याही पलीकडे. मुंब्र्याचा डोंगर जन्मालाही आला नव्हता तेव्हाची ती वाळू आहे. मी जटाशंकरच्या वाटेवर एका सुटलेल्या तुकड्यावर नुसता अंगठा घासला तर बोटाला गुलाबी-पिवळट रेती लागली, दाणा दाणा वेगळा दिसत होता. आपल्या येऊरच्या दगडावर अंगठा घासून बघा, अंगठाच सोलून निघेल.

ह्याचा पायाला फरक असा पडतो. कोरडा वालुकाश्म पॉलिश पेपरसारखा, बूट असा चिकटतो की तुम्हाला वाटेल आपण पाल झालोय. पण दगड झिजून त्याचीच रेती सपाट जागी आणि पायऱ्यांवर पसरलेली असते, ती बुटाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. आमच्यातले दोघं चढावर नाही, उतारावर नाही, साध्या सपाट कातळावर घसरून बसले ते ह्यामुळेच. आणि दगड पाणी पितो. बड्या महादेवाच्या गुहेत छतातून वर्षभर पाणी टपकतं ते कुठून येतं, तर वरच्या दगडात मुरलेलं हळूहळू खाली झिरपतं. असा पाणी प्यायलेला वालुकाश्म कमजोर होतो, दाण्यांना धरून ठेवणारा चिकटा सैल पडतो, त्यामुळे पावसानंतर एखाद्या खोबणीला धरून वजन टाकायचं नाही. बेसाल्टमध्ये आपल्याला पाऊस थांबला, ऊन पडलं, दगड सुकला, चला, अशी सवय असते. इथे वरून सुकलेला दिसतो आणि आत ओलाच असतो.

बूट नेहमीचेच चालतील, नवे घेऊ नका. नव्या बुटाचा सोल हा दगड दोन ट्रिपमध्ये खाऊन टाकतो. आणि हांडी खोह या खोल दरीच्या कड्यावर रेलिंगच्या बाहेर फोटोसाठी पाय टाकायचा नाही, कडेचा दगड खालून पोखरलेला आहे की नाही हे वरून कळत नाही.

आमचा मुलगा ड्रेस्डेनला नोकरीला आहे, आम्ही दोघं मे महिन्यात नेरुळहून जातोय, वय साठीच्या पुढे. तो म्हणतो तिथे जवळच सँडस्टोनचे डोंगर आहेत आणि बस-ट्रेनने जाता येतं. झेपेल का?

झेपेल. जर्मनीतला तो भाग म्हणजे सॅक्सन स्वित्झर्लंड, एल्ब नदीच्या दोन्ही बाजूंना. अठराव्या शतकात ड्रेस्डेनला असलेल्या दोन स्विस चित्रकारांना आपल्या गावाची आठवण झाली म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात, म्हणजे जिथे तिथे 'मिनी स्वित्झर्लंड'ची पाटी लावायची खोड आपल्या एकट्याची नाही.

ड्रेस्डेनहून एस-वन लोकल नदीच्या काठाने जाते. कुरोर्ट राथेन स्टेशनला उतरा, समोरच फेरी आहे, तिला इंजिन नाही, तारेला बांधलेली होडी नदीच्या प्रवाहानेच पलीकडे जाते, काका तिथेच अर्धा तास बघत उभे राहतील. तिथून बास्टाय पुलापर्यंत तासाभराचा चढ, पायऱ्या बांधलेल्या आहेत. हा दगडी पूल १८५१ चा, नदीपासून १९४ मीटर उंचावर. गुडघे कुरकुरत असतील तर पिर्नाहून बसने वरपर्यंत जा आणि फक्त उतरत राथेनला या. माझा सल्ला हाच. दुसऱ्या दिवशी बाड शांडाउला जाऊन १८९८ पासून चालणारी छोटी ट्राम घ्या, ती जंगलातून धबधब्यापर्यंत सोडते आणि तिथून कूश्टाल नावाच्या दगडी कमानीकडे वाट चढते. मुलाकडे महिन्याचा डॉइचलांड-टिकीट पास असेल तर लोकल आणि बस दोन्ही त्यात येतात, तुम्हाला किती दिवस राहायचंय त्यावर तुम्हीही काढायचा की नाही ते त्याला ठरवू दे.

तिथले क्लाइंबर ओल्या दगडावर चढत नाहीत, तसा नियमच आहे, दगडात धातूच्या पाचरीसुद्धा ठोकू देत नाहीत. वर घणसोलीच्या ताईंना लिहिलं ते तिथे कायद्यासारखं पाळतात. मुख्य पायवाटांवर तुम्हाला त्याचा त्रास नाही, पाऊस असला तर एक दिवस ड्रेस्डेनच्या म्युझियमात काढा. आणि वाट बंदची पाटी दिसली तर मागे फिरा, किडीने वाळलेली झाडं कधीही पडतात.

सासूबाई मूळच्या अमरावतीच्या, वय ६४, त्यांना पचमढीच्या जंगलातल्या नागद्वारी यात्रेला जायचंय. ठाण्यातून त्यांना एकटं पाठवू का?

एकटं नको. नागद्वारी हा वर्षभर खुला असलेला ट्रेक नाही, नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवसच व्याघ्र प्रकल्पातली ती वाट उघडतात. ऐन पावसात, ओल्या वालुकाश्मावरून, डोंगर चढत-उतरत जवळपास पंधरा किलोमीटर, कुठे कुठे लोखंडी शिड्या आणि मागेपुढे हजारो माणसं. मात्र ती माणसं निम्मी आपल्या विदर्भाचीच, त्यामुळे सासूबाईंना परकं अजिबात वाटणार नाही, उलट तुम्हीच परके वाटाल. त्यांच्या माहेरच्या गावातून दरवर्षी एखादं मंडळ जातच असेल, त्यांच्याबरोबर जाऊ द्या. नागपूर, छिंदवाडा, तामिया अशी बस वरपर्यंत येते, ठाण्याहून उलटं फिरायची गरज नाही. निघायच्या आधी महिनाभर रोज जिने चढायला लावा, लिफ्ट बंद.

एक बारीकशी गोष्ट, तिथे श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो म्हणून लोक गोंधळतात. नागपंचमी शुद्ध पक्षातली, ती दोन्हीकडे एकाच दिवशी येते. कालनिर्णय बघून बुकिंग केलंत तरी चालेल.

मला घाटात बस लागते. पिपरिया ते पचमढी घाट किती वेळ आहे?

मटकुलीपर्यंत रस्ता तसा सरळ आहे, देनवा नदी ओलांडली की वळणं सुरू. मटकुलीला बस थांबली तर उतरून तोंडावर पाणी मारा, पुढच्या चाकाच्या पुढची सीट पकडा, आवळा सुपारी तोंडात आणि मोबाइल खिशात. पोहे-जिलेबी वर पोचल्यावर खा, पिपरियाला नाही.