जुनी १०० सीसी बाईक घाटात तापते, बंद पडते. कार्बोरेटर दोनदा साफ केला, तरी तेच. काय बघू?

कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलू नका. आधी स्पार्क प्लग काढा. घाट चढल्यावर गाडी बंद पडली की थोडी गार होऊ द्या आणि मग प्लगचं टोक बघा. पांढरंफटक असेल तर इंजिनाला हवा जास्त नि पेट्रोल कमी मिळतंय. तापण्याचं कारण बहुधा तेच. तपकिरी असेल तर ऑइलची पातळी, टाईट टॅपेट (व्हॉल्व्हची फट कमी असणं), घासणारा ब्रेक तपासा.

माझ्या गाडीत चोर निघाला कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांच्यामधला रबरी जोड. वरून धडधाकट, पण बोटांनी वाकवला की केसाएवढ्या चिरा दिसायच्या. इंजिन गार असताना गाडी आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी हलका फवारा मारा (सायलेन्सरपासून लांब, क्लीनर पेट घेतो). आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय. जोड बदला, स्वस्तात सुटाल.

आणखी एक, जे मेकॅनिकही विसरतात. गाडी बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा चालू झाली, तर झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलंय, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही.

हे सगळं ठीक असेल तरच जेटकडे (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची नळी) वळा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. पंक्चरवाल्याकडची हवा मारा. पायलट स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोल मिश्रण जुळवणारा) हलक्या हाताने पूर्ण बसवून साधारण दीड-दोन फेरे उघडा, बाकी कानाने जुळवा.