बटण प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळ्या जागी का दिसते?

आपल्या वर्णनानुसार कार्डाच्या उजव्या कोपऱ्यातील बटण क्रोममध्ये जागेवर असते, फायरफॉक्समध्ये थोडे खाली सरकते आणि आयफोनच्या सफारीत पानाच्या तळाची पट्टी अर्धी झाकली जाते. त्यावर ब्राउझर ओळखून उणे मार्जिन द्यावे, असा आपला विचार आहे. तो कृपया सोडून द्यावा. अशी ठिगळे ब्राउझरच्या पुढच्या आवृत्तीत उसवतात. शिवाय येथे कोणताच ब्राउझर चुकत नाही. जे मूल्य आपण लिहिले नाही, ते प्रत्येक जण आपल्या परीने भरून काढतो.

सर्वप्रथम पानाच्या आरंभी डॉकटाइप (पान कोणत्या प्रकारचे आहे हे ब्राउझरला सांगणारी पहिली ओळ) आहे ना, ते पाहा. तो नसेल तर पान क्विर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या रीतीने, उघडते आणि पुढच्या कोणत्याच मापावर विसंबता येत नाही.

आता बटण. आपल्या सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमात 'पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट' (घटक प्रवाहाबाहेर काढून ठरलेल्या अंतरावर ठेवा) आणि 'राइट: १२पीएक्स' आहे, पण 'टॉप' दिलेलाच नाही. अशा वेळी सामान्य प्रवाहात घटक जितक्या उंचीवर आला असता, तितक्याच उंचीवर तो राहतो. ती जागा वरच्या शीर्षकाच्या उंचीवर ठरते, शीर्षकाची उंची 'लाइन-हाइट: नॉर्मल' या ओळीच्या उंचीवर, आणि नॉर्मल म्हणजे नेमके किती, हे फॉन्टच्या अंतर्गत मापांवर. पर्यायी फॉन्ट वेगळा आला, किंवा तीच मापे ब्राउझरने वेगळ्या रीतीने पूर्णांकात आणली, की शीर्षक किंचित वाढते आणि बटण खाली उतरते. म्हणून बटणाचे अंतर कार्डापासूनच मोजले जावे यासाठी कार्डाला 'पोझिशन: रिलेटिव्ह' द्या, बटणाला 'टॉप: १२पीएक्स' लिहा आणि शीर्षकाची लाइन-हाइट १.४ अशी आकड्यात ठरवा. बटणांना व इनपुटांना पानाचा फॉन्ट आपोआप मिळत नाही, त्यामुळे त्यांना 'फॉन्ट: इनहेरिट' (बाहेरच्या घटकाचाच फॉन्ट घ्या) आणि 'मार्जिन: ०' हेही हवे.

तळाच्या पट्टीचे कारण वेगळे आहे. आयफोनवर '१००व्हीएच' (पानाच्या दिसणाऱ्या भागाची पूर्ण उंची) ही उंची अ‍ॅड्रेस बार आक्रसलेला आहे असे धरून मोजली जाते. बार पूर्ण दिसत असताना तेवढा भाग पडद्याबाहेर जातो. '१००व्हीएच'च्या खालच्या ओळीत '१००डीव्हीएच' (अ‍ॅड्रेस बार दिसतो की नाही त्यानुसार बदलणारी उंची) लिहा. हे एकक सफारीत १५.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून आहे, आणि ज्या जुन्या ब्राउझरला ते कळत नाही तो ती ओळ सोडून आधीची वापरतो.

एवढे करूनही फरक उरला, तर अंदाजाने आकडे बदलत बसू नका. दोन्ही ब्राउझरांची डेव्हलपर टूल्स शेजारी उघडून त्याच घटकाची कम्प्युटेड (ब्राउझरने शेवटी ठरवलेली) मूल्ये ओळीने ताडून पाहा. जेथे पहिला फरक दिसेल, ते मूल्य स्वतः लिहा. चाचणी घेताना आयफोनवरचा क्रोम मात्र वेगळा ब्राउझर म्हणून मोजू नये, कारण तोही आतून सफारीच्याच वेबकिट या पान रेखाटणाऱ्या इंजिनावर चालतो.