जुन्या बाईकची पुढची ब्रेक डिस्क झिजून कडेला धार आलीय, साताऱ्यात लेथवर घासून घेतली तर चालेल का?

नका घासून घेऊ, डिस्क बदलाच. बाईकची डिस्क मुळातच ४-५ मिमी जाड. लेथवर सपाट होईपर्यंत ती तिच्यावरच कोरलेल्या 'मिन टीएच' (किमान जाडी) आकड्याखाली जाते, मग यवतेश्वर घाट उतरताना लवकर तापते नि वाकते. जाडी मायक्रोमीटरने, पॅड घासतो त्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी मोजा. व्हर्नियरचे जबडे कडेच्या धारेवर टेकतात आणि झीज कमी दिसते. नव्या डिस्कला पॅडही नवेच लावा, जुन्यांवर खाचा उमटलेल्या असतात. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनाही साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, अडकलेली पिन एकच पॅड खाते. मात्र जाडी त्या आकड्याच्या वर असेल, ब्रेक दाबताना लिव्हर थरथरत नसेल आणि डिस्कवरच्या खाचा नखाला जेमतेम लागत असतील, तर नुसते पॅड बदलून भागेल.