कैरो (Cairo) या ग्राफिक्स लायब्ररीत लंबवर्तुळाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक का येते?

तुम्ही स्केल करून (अक्ष ताणून) आर्क, म्हणजे वर्तुळाचा कंस, काढताय आणि स्केल तसंच ठेवून स्ट्रोक करताय, म्हणजे प्रत्यक्ष रेघ ओढताय, म्हणून. कैरोत रेषेची जाडी ठरते ती स्ट्रोकच्या क्षणी चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मवरून (स्केल, सरकवणं वगैरे बदलांवरून). लाइन विड्थ तुम्ही कधी सेट केली याला इथे महत्त्व नाही. आडवं स्केल ३ आणि उभं १ असेल, तर पेनाचं टोकही तितकंच ताणलं जातं.

उपाय: सेव्ह (सध्याच्या सेटिंग जपून ठेवा), ट्रान्सलेट (सरकवा), स्केल, आर्क, मग रिस्टोअर (जपलेल्या सेटिंग परत आणा) आणि त्यानंतरच स्ट्रोक. रिस्टोअरने पाथ, म्हणजे आखलेला आकार, पुसला जात नाही, काळजी नको. पण सेव्ह-रिस्टोअरच्या आत सेट केलेली लाइन विड्थ मात्र जाते आणि रेघ आधीच्या जाडीवर, काहीच सेट केलं नसेल तर मूळच्या २ वर येते. यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे! म्हणून जाडी रिस्टोअरनंतर द्या. डॅशच्या (तुटक रेघेतल्या तुकड्यांच्या) लांबीचंही तेच, तीही स्ट्रोकच्या वेळच्या ट्रान्सफॉर्मने ताणली जाते.

जाता जाता: १ पिक्सेलची आडवी-उभी रेघ धूसर दिसत असेल तर निर्देशांकात ०.५ मिळवा. पूर्णांकावरची रेघ दोन पिक्सेलांत अर्धी-अर्धी सांडते.