बोहाड्यातल्या मुखवट्यांच्या सोंगांचे फोटो रात्री कसे काढावेत? फ्लॅश वापरावा का?

फ्लॅश वापरू नका, हे सर्वांत आधी सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हार भागात होळीच्या सुमारास आणि त्यानंतर गावोगावी होणारा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याचा उत्सव, मी काही वर्षे रात्र रात्र बसून पाहिला आहे. तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्याने नेमका हाच प्रश्न आधी विचारला, याचा मला आनंद वाटला. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवलेल्या माणसाला बारीक भोकांतून जेमतेम समोरचे दिसते, आणि तशा स्थितीत तो संबळाच्या ठेक्यावर पावले टाकत मुखवट्याचा भार सांभाळत असतो. समोरून फ्लॅश उडाला, की काही क्षण त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होतो. पहिल्या वर्षी माझ्या हातून हे घडले. सोंग अडखळले आणि बरोबरच्या माणसाने दंडाला धरून त्याला सावरले. मला कोणी रागावले नाही, पण शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, ‘‘देव आहे रे तो, बाबा.’’

आजींचे ते म्हणणे शब्दशः घ्यावे. गणपती, शारदा, खंडेराव किंवा नरसिंह यांचे सोंग येते तेव्हा लोक हात जोडतात, बायका ओवाळतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे याचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. म्हणून दिवसाउजेडी गावात जाऊन जाणत्या माणसांना भेटावे, फोटो काढू का असे विचारावे आणि कोठे उभे राहायचे तेही त्यांनाच ठरवू द्यावे. मुखवटा उतरवल्यानंतरचा घामेजलेला चेहरा विचारल्याशिवाय कधीही टिपू नये.

आता उजेडाविषयी. मुखवट्याचा चेहरा कोरलेला असतो, त्यामुळे तो भाव बदलत नाही असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात मशालीच्या उजेडात तो सतत बदलत असतो. सोंगाने मान खाली घातली, की कपाळाची सावली डोळ्यांवर येते आणि देव कोपल्यासारखा दिसतो. मान वर झाली, की तोच उजेड गालांवर पसरतो आणि चेहरा निवतो. मला हे समजायला दोन वर्षे लागली. तेव्हापासून मी नाचणाऱ्याइतकेच मशालवाल्याकडे लक्ष ठेवतो, कारण तो बाजूला सरकला की चित्र पालटते.

कॅमेऱ्यावर ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८ इतकी उघडणारी लेन्स लावावी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० पर्यंत जाऊ द्यावा आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावेत. चकचकीत रंगाचा मुखवटा काळोखाच्या पार्श्वभूमीवर हमखास पांढरा फटक पडतो, तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवावे. शटर १/१२५ सेकंदावर ठेवले तर पवित्रा स्थिर मिळतो, १/१५ ठेवले तर कपड्यांचा घोळ आणि पावलांची गती उमटते. दोन्ही प्रकारचे फोटो घ्यावेत. हल्ली पुष्कळ ठिकाणी मशालींच्या जोडीला एलईडी दिवे असतात आणि त्यांच्यामुळे फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अशा वेळी शटर १/५० किंवा १/१०० वर आणले, की बहुतेक वेळा पट्टे जातात.

पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. सोंग चार पावले पुढे येऊन कसे मागे फिरते, ठेका कोठे चढतो आणि कोणत्या क्षणी ते गर्रकन वळते, हे एकदा अंगात भिनले, की बटण आपोआप योग्य वेळी दाबले जाते. मोखाड्याच्या बोहाड्यात जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध अगदी शेवटी होते. तोवर अनेकांच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात, तेव्हा एक भरलेली बॅटरी त्या वेळेसाठी वेगळी ठेवा, आणि परत आल्यावर निवडक फोटोंच्या छापील प्रती ज्यांचे सोंग होते त्यांच्या घरी स्वतः नेऊन द्या.