व्हिडिओ, चार्ट की लिहिलेला पॅटर्न? क्रोशे-विणकामाची प्रश्नोत्तरे

या वेळी बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलीय, की शिकायचं नेमकं कशावरून. त्यामुळे लोकर धुण्याचे वगैरे प्रश्न पुढच्या वेळी घेते.

ताई, मी व्हिज्युअल लर्नर आहे, ऑनलाइन टेस्टमध्येही तसंच आलं. लिहिलेला पॅटर्न समोर आला की डोकं बंदच पडतं. मग मी फक्त व्हिडिओ बघूनच शिकत राहू का? (नाशिक)

ती टेस्ट बहुतेक व्हार्कची असणार. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी ती काढली, १९९२ पासून ती सगळीकडे फिरतेय, बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे असे चार कप्पे. टेस्ट खोटी नाही हो, पण ती फक्त तुम्हाला काय आवडतं तेवढंच सांगते. आवडत्या पद्धतीनं शिकवलं म्हणून जास्त चांगलं येतं का, हा वेगळा प्रश्न झाला, आणि २००८ साली पाश्लर आणि त्यांच्यासोबतच्या तीन मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतचं सगळं संशोधन चाळून बघितलं तर तसं म्हणायला पुरेसा पुरावाच सापडला नाही. उलट नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र जोडीनं आले तर बहुतेकांना जास्त समजतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणजे मेंदूवर शिक्का मारून घेऊ नका.

माझं म्हणणं असं, की तुम्ही कोण आहात त्यापेक्षा आत्ता काय शिकताय ते बघा. सुई कुठून घालायची, धागा बोटावर कसा धरायचा, ही हाताची हालचाल आहे, ती कागदावर कितीही छान लिहिली तरी कळत नाही, तिथे व्हिडिओच. कुठला टाका कशावर बसतो, पाकळी कुठून निघते, हे चार्टवर, म्हणजे चिन्हांनी काढलेल्या चित्रावर, एका नजरेत दिसतं. आणि किती टाके, किती वेळा, कुठल्या साइजला किती, हे लिहिलेलंच बरं, कारण व्हिडिओत आकडा बोलला जातो आणि निघून जातो, मग आपण मागे-पुढे करत बसतो आणि तोवर सुईवरचा टाका निसटलेला असतो.

लिहिलेल्याची भीती घालवायला एक करा. जो नमुना तुम्ही व्हिडिओ बघून आधीच केलाय, हातात तयार आहे, त्याचाच लिहिलेला पॅटर्न शोधा आणि समोर विणलेलं ठेवून वाचा. उदाहरणार्थ शिंपल्यांची ओळ अशी लिहिलेली असते (खांब म्हणजे सुईला एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका, मुका खांब म्हणजे वेढ्याशिवायचा बुटका): १ मुका खांब, * २ टाके सोडा, पुढच्या टाक्यात ५ खांब, २ टाके सोडा, १ मुका खांब * शेवटपर्यंत. आता बोट ठेवून बघा, पाच खांबांचा पंखा, शेजारी मुका खांब, परत पंखा. सहाच्या पटीत टाके आणि वर एक, हा हिशोबही तिथेच सापडेल. अशा दोन-तीन ओळी ओळखीच्या झाल्या की डोकं आपोआप उघडतं.

ताऱ्याच्या खुणेचा (*) एक घोळ मात्र आधीच सांगून ठेवते, इंग्रजी पॅटर्नमध्ये "ताऱ्यापासून ३ वेळा रिपीट" असं असेल तर एकदा केलंय ते धरून चार वेळा होतं, पण कंसात लिहून पुढे गुणिले ३ असेल तर एकूण तीनच. निम्मे लोक इथेच उसवतात.

काकू, मी इंजिनिअरिंगला आहे, चार्ट मला सर्किटसारखा सरळ कळतो. पण आत्याच्या जुन्या मासिकातल्या लिहिलेल्या पॅटर्नवरून रुमाल केला तर तो भलताच मोठा आणि चाळणीसारखा सैल झाला. टाके तर बरोबर मोजले होते! (पुणे)

तुझी मोजणी बरोबरच असणार रे. तू टाके शिकलास कुठल्या तरी अमेरिकन व्हिडिओवरून, आणि आत्याचं मासिक ब्रिटिश पद्धतीचं. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्याला ब्रिटिश लोक डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब, तो तिकडे ट्रेबल. तू ट्रेबल वाचून अमेरिकन ट्रेबल घातलास, दोन वेढ्यांचा, म्हणून सगळी ओळ एकेक वेढा उंच झाली आणि भोकं पडली.

ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये कुठेही एससी (सिंगल क्रोशे) लिहिलेलं दिसलं की तो बहुतेक अमेरिकन, कारण आताच्या ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नावाचा टाकाच नाही. एससी कुठेच नाही, नुसते डीसी (डबल) आणि टीआर (ट्रेबल) आहेत, तर आधी शंका घ्यायची आणि सोबतचा फोटो बघून ठरवायचं.

चार्टमध्ये ही भानगडच नसते, म्हणून तुला तो आवडतो. साखळी म्हणजे लांबट गोल, मुका खांब म्हणजे फुली किंवा अधिकचं चिन्ह, अर्धा खांब म्हणजे इंग्रजी टी, खांब म्हणजे त्या टीच्या दांडीवर एक तिरकी रेघ, दुहेरी खांबाला दोन रेघा. खांबापासून पुढे जितक्या रेघा तितके वेढे. जपानमध्ये तर विणकामाच्या चिन्हांचं राष्ट्रीय स्टँडर्डच आहे, म्हणून जपानीचं एक अक्षर न येणारी माणसं जपानी पुस्तकांवरून आरामात विणतात. पण चार्टवर खूश होऊन लिहिलेलं सोडू नकोस. आमिगुरुमीची, म्हणजे जपानी तऱ्हेची भरीव, बाहुली करायला घेशील तेव्हा चार्ट फारसा लागत नाही, तिथे गोल गोल फिरत ६, १२, १८, २४ असे मुके खांब वाढवत जायचे असतात आणि एक ओळ पुरते: (१ मुका, पुढच्यात २) गुणिले ६, म्हणजे १८. याचं चित्र काढून काय बघणार?

गोल रुमाल व्हिडिओ बघत बघत करते, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कडा झालरीसारख्या होतात, सपाट बसतच नाही. सुई बदलू का? (कोल्हापूर)

सुई राहू द्या. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे २४, इथपर्यंत तुमचं बरोबर असणार. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, म्हणजे ३६ व्हायला हवेत. व्हिडिओत दुसरी आणि तिसरी फेरी दिसायला अगदी सारखी दिसते, बाईंचा हात भराभर चालतो, आणि आपण तिसरीतही प्रत्येकात दोन घालून ४८ करून बसतो. सपाट गोलाला खांबाच्या प्रत्येक फेरीत १२ वाढतात हे धरून चाला. जास्त वाढले की झालर, कमी वाढले की वाटी. १२, २४, ३६, ४८, ६० असे आकडे चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी ठेवा, आणि फेरी संपली की व्हिडिओ थांबवून मोजा. सुरुवातीच्या ३ साखळ्या एक खांब म्हणून धरल्यात का तेही बघा.

सासूबाई महाराष्ट्रातून आमच्याकडे आल्यात, ६८ वर्षांच्या आहेत, आयुष्यभर स्वेटर विणलेत. नातीसाठी इथला एक छान पॅटर्न प्रिंट करून दिला तर म्हणाल्या, कागद नको, नमुना दाखव. त्यांना पॅटर्न वाचायला कसं शिकवू? (न्यू जर्सी)

शिकवूच नका. ज्या बाईला विणलेलं बघून टाके उचलता येतात तिला वाचता येत नाही असं कसं म्हणायचं, त्या कापड वाचतात, आणि ते आपल्यातल्या अनेक चार्टवाल्यांना जमत नाही. त्यांना फोटो द्या, सुलट बाजूचा एक, उलट बाजूचा एक, आणि मुंढा आणि गळा जवळून. शक्य असेल तर नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा तुम्हीच विणून द्या, मग बघा.

फोटोतून कळत नाही ते फक्त आकडे, ते मराठीत मोठ्या अक्षरात एका कागदावर: छातीचा घेर, उंची, १० सेंटिमीटरात किती टाके. आणि सुयांच्या नंबरात फसू नका बरं का. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. तुमच्या अमेरिकन पॅटर्नमधला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. सासूबाई गावाहून आणलेल्या ८ नंबरच्या सुयांवर बसल्या तर स्वेटर नातीला व्हायच्या ऐवजी बाहुलीला होईल. नेहमी मिलिमीटरच लिहा.

मी डावखुरी आहे. व्हिडिओ बघितला की सगळं उलटं वाटतं. चार्ट बरा की लिहिलेलं? (मडगाव)

क्रोशेला चार्ट. तुम्ही डावीकडून उजवीकडे विणता, तर सुलट ओळ चार्टवरही डावीकडून वाचा, गोल असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, चित्र जसंच्या तसं येईल. लिहिलेला पॅटर्न उजव्या हाताच्या लोकांसाठी असतो, तो तसाच केला तर फुलाला फरक पडत नाही पण नाव किंवा अक्षरं आरशात बघितल्यासारखी येतात, आणि स्वेटरची डावी बाजू उजवी होते. व्हिडिओसाठी एखादं अ‍ॅप वापरून तो आडवा उलटवून घ्या, झालं काम.

दोन सुयांच्या चार्टमध्ये कोरा चौकोन म्हणजे सुलट असं दिलंय, मग मागच्या ओळीतही सुलट घातले तर सगळं आडव्या धारांचं का झालं? (नागपूर)

कारण चार्ट सुलट बाजूनं कसं दिसेल ते दाखवतो. मागून विणताना कोरा चौकोन आला की उलट टाका घालायचा, आणि ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. ओळीचा नंबर ज्या बाजूला छापलाय तिथून सुरुवात. गोल सुईवर गोल फिरत विणत असाल तर हा त्रास नाही, सगळ्या ओळी उजवीकडूनच.

मी क्रोशेचा छोटा क्लास सुरू केलाय. अर्ध्या बायका व्हिडिओ मागतात, अर्ध्या नोट्स. दोन वेगळ्या बॅच करू का? (ठाणे)

नको, दुप्पट दमाल आणि हाती काही लागणार नाही. सगळ्यांना तिन्ही द्या, पण आपापल्या जागी. टाका शिकवताना हात दाखवा, आणि त्यांच्या समोर बसून नाही, शेजारी बसून, म्हणजे तुमचे हात आणि त्यांचे हात एकाच दिशेनं दिसतात. घरी न्यायला व्हिडिओ द्यायचा तर एका टाक्याचा एक, मिनिटभराचा, खांद्यावरून घेतलेला. तुमचा चेहरा, गाणं, लोकरीचे गोळे, यातलं काही नको.

नोट्समध्ये चित्र एका पानावर आणि मजकूर दुसऱ्या पानावर असं करू नका, नजर इकडून तिकडे उड्या मारते आणि ओळ हरवते. चिन्हाशेजारीच नाव आणि आकडा लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी ज्यांचा हात बसला त्यांच्या नोट्समधून टाक्यांची फोड काढून टाका, नुसता चार्ट आणि आकडे ठेवा, कारण येणाऱ्याला पुन्हा तेच वाचावं लागलं की उलट अडखळायला होतं. आणि कुणाला कमी दिसत असेल तर चार्ट मोठा करून भागेलच असं नाही, फोन त्यांना अक्षरं वाचून दाखवतो पण चार्टमधली चिन्हं नाही वाचत, तेव्हा अशा बाईला ओळीवार टाइप केलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, वहीच्या पानाचा फोटो नको.